सासूबाईंचा हात आणि पाचगणीवाली

आमच्या सासूबाईंबद्दल कोणी वाईट बोललं तर मी शांतपणे ऐकून घेते, कारण त्यातलं निम्मं खरं असतं. त्या हट्टी आहेत, नाकावर माशी बसू देत नाहीत आणि दुसऱ्या कोणी चिरलेली भाजी त्यांना आजवर पसंत पडलेली नाही. पण त्यांच्या हाताबद्दल कोणी काही बोललं तर मात्र मी पदर खोचून उभी राहते. मी वाईची आहे, भांडण मला जड जात नाही.

हात म्हणजे लावायचा हात. विरारच्या पूर्वेला खाडीकडे माझ्या सासरचं मूळ गाव आहे. भात, वाल, वांगी, सुरण आणि बांधावर मोगरा, अशी तिथली शेती. आमच्या पाड्यात एक रीत आहे. अक्षय तृतीयेला, म्हणजे तिकडच्या भाषेत आखितीला, सुरण लावायचा; पण पहिला गड्डा घरच्या कोणी मातीत ठेवायचा नाही. ज्या बाईच्या हातचं रुजतं अशी सगळ्यांची खात्री असते, तिला मानाने बोलवायचं, तिच्या हातून पहिला गड्डा लावून घ्यायचा आणि मग बाकीचे घरच्यांनी लावायचे. आमच्या सासूबाई, रंभाबाई, लग्न होऊन आल्या आणि थोड्याच वर्षांत तो मान त्यांच्याकडे आला. दर आखितीला एका वाडीतून दुसऱ्या वाडीत त्या फिरायच्या, ओटीत नारळ आणि खण घेऊन घरी यायच्या. एरवी महिला मंडळाच्या बैठकीत त्या मागच्या रांगेत बसतात आणि फोटो काढताना बाजूला होतात. आयुष्यात मान असा हा एवढाच, आणि तो त्यांनी मिरवला नाही तरी जपला फार.

सासऱ्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोघं आमच्या फुलपाड्याच्या फ्लॅटवर आली ती ‘दोन महिन्यांसाठी’. ते दोन महिने अजून चालूच आहेत. गावची वाडी आता त्यांची चुलत जाऊ जयवंतीकाकू आणि तिचे मुलगे बघतात. पण आखितीला सकाळी सकाळी जयवंतीकाकू रिक्षा घेऊन दारात हजर व्हायच्या आणि सासूबाई हिरवं लुगडं नेसून तयार असायच्या.

अशातच आमच्या घरी सायक्लामेन आलं.

माझा भाऊ हर्षवर्धन जानेवारीत आम्हाला भेटायला आला, तेव्हा येताना पाचगणीच्या नर्सरीतून ही कुंडी घेऊन आला. गुलाबी फुलं, आणि तीही उलटी. पाकळ्या वाऱ्याने उलटलेल्या छत्रीसारख्या वर गेलेल्या, तोंड मात्र खाली. पानं जाड, हिरवी, त्यावर चांदीची नक्षी. सासूबाईंनी कुंडीला आधी दोन फेऱ्या घातल्या.

“हा तर इड्याचा पान गो,” त्या म्हणाल्या, म्हणजे विड्याचं. “पन फूल असा उलटा का लागला?”

मी नाव सांगितलं. त्यांनी ते तोंडात एकदा घोळवून बघितलं, जमेना, आणि सरळ ‘पाचगनीवाली’ असं बारसं करून टाकलं. तेव्हापासून आमच्या घरात तिला दुसरं नाव नाही.

महिना-दीड महिना पाचगणीवाली गॅलरीत ऐटीत राहिली. मार्च लागला, ऊन वाढलं, आणि एकेक पान पिवळं पडून माना टाकायला लागलं. विरारच्या उकाड्यात माणसांचं जिथे काही खरं नाही तिथे झाडाचं काय, असं म्हणून मी कुंडी कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवली. सासूबाईंनी ती उचलली, बोटाने माती उकरली आणि मला हाक मारली.

“मेली नाय गो ही. ह्याला कंद हाय. सुरनासारखा निजायला चाललाय.”

आता हे त्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं. सायक्लामेन उन्हाळ्यात झोपतं. पानं जातात, कंद जिवंत राहतो आणि थंडीच्या तोंडावर पुन्हा उठतो. माझ्यासारखीने ते फेकून दिलं असतं. पण पुढे त्यांनी जे केलं ते फक्त आमच्या पाड्यातली बाईच करू शकते. सुरणाला जे करतात तेच त्यांनी तिला केलं. गॅलरीत मोठा ड्रम मांडला, तळाशी शेणखत घातलं, हातभर खोल खड्डा करून पाचगणीवालीचा कंद त्यात पुरला, वर मातीचा ढीग केला, तो थापटला आणि पुढचं पावसावर सोडून दिलं. सुरण असाच लावतात आणि असाच उठतो. सुरणाला हे सगळं आवडतं.

अख्खा पावसाळा त्या ड्रमाकडे बघत राहिल्या. ड्रममध्ये गवत उगवलं, कुठूनसं टोमॅटोचं रोप आलं, पण पाचगणीवाली काही आली नाही. गणपतीच्या आधी त्यांनी उकरून पाहिलं. कंद नव्हताच. सडलेल्या बटाट्याचा वास येणारा मूठभर चिखल होता.

मी म्हटलं, “जाऊ द्या आई. झाड होतं, गेलं. हर्षवर्धन पुढच्या वर्षी दुसरं आणेल.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी हातातला झाडू खाली ठेवला.

“झाड होता नि गेला, काय बोलतेस? माज्या हातातना आजवर एक कंद गेला नाय. हा कसा गेला?”

सासरे, म्हणजे जयराम बाबा, सोफ्यावरून म्हणाले, “पावनी होती, गेली.” त्यांना त्या दिवशी संध्याकाळचा चहा मिळाला नाही. सासूबाई मात्र दोन दिवस गप्प होत्या. त्या बोलत असल्या की मला त्रास होतो हे खरं, पण त्या गप्प बसल्या की घरात भीती वाटते. मला वाटलं, चार दिवसांत विसरतील. लग्नाला इतकी वर्षं होऊनही माणूस ओळखता आलं नाही, दुसरं काय.

डिसेंबरात त्या मला म्हणाल्या, “चल, आगाशीला जाऊ.” आगाशीला मार्थाबाई असतात. पूर्वी दोघी बाजारात शेजारी शेजारी फुलं घेऊन बसायच्या. आता मार्थाबाई घराच्या अंगणात कुंडीतली झाडं विकतात, आणि नाताळच्या आधी त्यांच्याकडे पाचगणीवाल्या रांगेने मांडलेल्या असतात. आम्ही बसने गेलो. सासूबाईंनी आधी मार्थाबाईंच्या कमरेची चौकशी केली, मग मुलाच्या लग्नाची, मग केळीच्या बागेची, मग पुन्हा कमरेची. मी बाकावर बसून चहा संपवला तरी मुद्दा येईना. लावणीबद्दल त्यांनी जन्मात कोणाला काही विचारलं नव्हतं. लोक त्यांना विचारायचे. शेवटी एका कुंडीकडे बघत, जणू सहजच, त्या म्हणाल्या, “मार्था, हिला कसा लावायचा गो?”

मार्थाबाईंना त्या प्रश्नाचं वजन कळलं. त्यांनी चेहरा गंभीर ठेवला. “का? तू काय केलंस?”

सासूबाईंनी सगळं सांगितलं. ड्रम, शेणखत, हातभर खड्डा, मातीचा ढीग. मार्थाबाईंनी शेवटपर्यंत कसाबसा धीर धरला आणि मग हसता हसता त्यांना पायरीवर बसावं लागलं.

“सुरणासारखी पुरलीस तिला! अगो रंभा, हिचे खांदे उघडे राहिले पाहिजेत. अर्धा कंद मातीत, अर्धा मातीच्या वर. आणि डोक्यावर पाणी नाही घालायचं. खाली ताटलीत ओतायचं, तिला हवं तेवढं ती पिते, उरलेलं टाकून द्यायचं. सावलीत ठेव, पण उजेड पाहिजे. फूल सुकलं की कापू नकोस, देठ पिळून मुळापासून ओढून काढ. नाहीतर राहिलेला देठ कुजतो आणि कंदाला घेऊन जातो.”

सासूबाई शहाण्या मुलीसारख्या ऐकत होत्या. मला हे दृश्य नवीन होतं.

“आनि उन्हाळ्यात?” त्यांनी विचारलं.

“उन्हाळ्यात काय? मार्च आला की मी फेकून देते. नाताळापुरतं झाड आहे हे. इथल्या हवेत दुसऱ्या वर्षी कोण उठवणार त्याला?”

“जित्ता कंद फेकतेस?” सासूबाईंचा आवाज एवढा चढला की रस्त्यावरचा कुत्रा उठून उभा राहिला. त्यांनी एक कुंडी निवडली आणि मांडीवर घेऊन बसमध्ये बसल्या. फुलपाड्यापर्यंत कोणाला शेजारी टेकू दिलं नाही.

ही दुसरी पाचगणीवाली नाताळात फुलली, संक्रांतीत फुलली, शिमग्यापर्यंत फुलली. ताटलीतलं पाणी, पिळून काढलेले देठ, सगळं मार्थाबाईंच्या सांगण्याप्रमाणे. मार्चात पानं पिवळी पडायला लागल्यावर सासूबाईंनी पाणी हळूहळू कमी केलं आणि शेवटी बंद केलं. पानं आपण होऊन गळू दिली. मग कुंडी आडवी करून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माठाशेजारी ठेवली, कारण आमच्या फ्लॅटमध्ये गारवा म्हणाल तर तेवढाच. माठाचं पाणी कुंडीत जाऊ नये म्हणून मध्ये एक वीट उभी केली. बाबांचं म्हणणं होतं, सरळ फ्रिजमध्ये ठेवा. त्यांनी एकदा खरंच ठेवली. दह्याच्या भांड्याशेजारी कुंडी बघून सासूबाईंनी त्यांना जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही.

मग आखिती आली. जयवंतीकाकूंची रिक्षा आली. सासूबाई घरातल्याच साडीवर बसलेल्या होत्या.

“उठ गो, उशीर झाला,” काकू म्हणाल्या.

“मी येनार नाय.”

“बरा नाय का?”

“बरा हाय. पन ह्या वर्सी माजा हात नको. माज्या हातातना एक कंद सडलाय. कोनाच्या मातीत कसा हात घालू?”

जयवंतीकाकूंना आधी ती चेष्टाच वाटली. मग त्यांनी समजावलं, मग त्या रागावल्या. “त्या शोभेच्या झाडापायी? सुरनाचा त्याचा काय संबंध?”

“शोभेचा असला तरी कंद तो कंद,” सासूबाई म्हणाल्या. “तिकडं बग, माठाजवल निजलाय. तो उठला, फुलला, तर पुढल्या आखितीला मी येईन. नाय उठला तर मान दुसरीला द्या. मला परत बोलवू नका.”

माझा नवरा प्रितेश मध्ये पडला, बाबा मध्ये पडले, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. काकू रिकाम्या रिक्षाने गेल्या. त्या वर्षी पाड्यात दुसऱ्या कोणी कसंबसं उरकलं. संध्याकाळी सासूबाई गॅलरीत खाडीच्या दिशेला तोंड करून बसल्या होत्या. समोर इमारती आहेत, खाडी काही दिसत नाही. मला त्यांचं वाईट वाटलं आणि रागही आला. आपला एकुलता एक मान असा माठाशेजारी ठेवून द्यायचा, तोही इथल्या हवेत न टिकणाऱ्या झाडाच्या भरवशावर! पण आता बोलून काही उपयोग नव्हता. पाडाभर बातमी झाली होती, आणि ज्यांनी हे फूल जन्मात पाहिलं नव्हतं ते सगळे त्याची वाट बघत होते.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट झाली. माझी नणंद रीमा बोईसरला असते. तिचं बाळंतपण जुलैत आलं आणि सासूबाईंना जावं लागलं. जाताना त्यांनी मला कंदाबद्दल इतक्या सूचना दिल्या की रीमाच्या बाळंतविड्याचं सामान घरीच राहिलं. त्यानंतर रोज फोन. नातू झाला त्या दिवशीही फोनवर पहिलं वाक्य होतं, “कंद कसा हाय?” बोईसरला बसून उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं, आणि मी इथे “बरा आहे, बरा आहे” म्हणत होते.

तो बरा नव्हता. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना घाम येतो, कपाटातल्या कपड्यांना वास येतो, मग कंदाचं काय घेऊन बसलात. एका सकाळी कुंडी हातात घेतली तर कंदाच्या एका अंगाला पांढरी बुरशी. बोटाने दाबलं तर ते अंग मऊ लागलं.

प्रितेश म्हणाला, “एवढं काय? डिसेंबरला आगाशीहून दुसरी आणू. आईला काय कळणार?”

मी त्याला म्हटलं, “तुझ्या आईला कळणार नाही असं तुला वाटतं, म्हणजे तू तिला कधी नीट बघितलेलंच नाहीस.” आणि कळलं नसतं तरी मी ते केलं नसतं. खोट्या फुलावर खरा मान मिळवून द्यायला मी काय वैरी आहे त्यांची?

सुरणाचा गड्डा लावायला चिरतात तेव्हा कापलेल्या बाजूला राख लावतात, हे मी सासूबाईंना करताना पाहिलं होतं. फ्लॅटमध्ये राख कुठली? मी खाली इस्त्रीवाल्याकडे गेले आणि त्याच्या कोळशाच्या इस्त्रीतली राख वाटीत मागितली. त्याने ‘भाभी को क्या हो गया’ अशा नजरेने बघत दिली. सुरी उकळत्या पाण्यातून काढली आणि मऊ झालेलं सगळं अंग, पार घट्ट पांढरा गर लागेपर्यंत, कापून टाकलं. जवळजवळ पाव कंद गेला. कापलेल्या बाजूला राख दाबली, कंद सुक्या पेंढ्यात पिठाच्या चाळणीत ठेवला आणि चाळणी पंख्याखाली. पुढचे कितीतरी दिवस आमच्या हॉलमधला पंखा कंदासाठी चालू होता आणि आम्ही आतल्या खोलीत. बाबा म्हणायचे, “मानसा घामानी भिजल्यात नि कंदाला वारा.” पण रोज दुपारी उठून चाळणी बघून यायचे तेच.

सासूबाई नारळी पौर्णिमेनंतर परत आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्या चाळणीकडे गेल्या. कंद उचलला, कापलेली बाजू वर केली.

“हा कोनी कापला?”

मी सांगितलं. बुरशी, सुरी, राख, सगळं. फोनवर का सांगितलं नाही, तेही सांगितलं. “तुम्ही रीमाला सोडून पहिल्या गाडीने निघून आला असतात.” त्यांनी कंद दाबून पाहिला, वास घेतला. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार.

“मी असते तर कापला नसता,” त्या म्हणाल्या. “आज सुकंल, उद्या सुकंल करून वाट बगत बसले असते. माजा हात झाला नसता.”

एवढंच बोलून त्या हातपाय धुवायला गेल्या.

दसरा झाल्यावर कंद नव्या मातीत गेला. त्यात निम्मी वाळू आणि पालापाचोळ्याचं खत, आणि खांदे उघडे. ताटलीत पाणी. बरेच दिवस काही नाही. मग दिवाळीच्या फराळाची गडबड चालू असताना बाबा गॅलरीतून ओरडले, आम्ही हातातल्या करंज्या टाकून धावलो. कंदाच्या माथ्यावर तांबूस, घडी घातलेलं, मुगाच्या डाळीएवढं पान. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात की काय, पण त्या हसत होत्या.

पुढचे दोन महिने त्या कुंडीने आम्हाला नाचवलं. रात्री गॅलरीत, थंडी लागायला. सकाळी उत्तरेच्या खिडकीत. दुपारी ऊन तापलं की बाथरूमच्या खिडकीत, कारण तिथली फरशी गार. कोणी आंघोळीला जायचं म्हटलं की आधी पाचगणीवालीला बाहेर काढायचं. पानं वाढली, एकाची दहा झाली, पण कळी येईना. आगाशीला मार्थाबाईंच्या कुंड्या फुलल्या, नाताळ होऊन गेला, आणि आमची नुसती पानांनी भरलेली. जयवंतीकाकूंचा फोन यायचा. त्या विचारायच्या नाहीत, पण फोन यायचा. सासूबाईंनी जेवण कमी केलं. “पोट भरला,” म्हणायच्या.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ भाजता भाजता त्या पाणी बघायला गेल्या आणि परत आल्याच नाहीत. तीळ करपले. मी बघायला गेले तर त्या जमिनीवर बसून पानं एकेक करून बाजूला करत होत्या. खाली, कंदाला चिकटून, मान वाकवलेल्या कळ्या होत्या. एक नाही, मोजता येईनात इतक्या.

पहिलं फूल उघडलं त्या दिवशी बाबांनी इमारतीतल्या प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगितलं, गुडघा विसरून. लोक आले, फोटो काढून गेले. हर्षवर्धनने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि म्हणाला, “ताई, पाचगणीत पण लोक दरवर्षी नवीन घेतात गं.” मार्थाबाई खास आगाशीहून आल्या. कंदाचा कापलेला खांदा त्यांनी वाकून पाहिला, सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “एवढी वर्षं मी फेकत आले गो रंभा. किती फेकल्या असतील.” जयवंतीकाकूही आल्या. फुलाला त्यांनी हात लावला, मग कानशिलांवर बोटं मोडून सासूबाईंची दृष्ट काढली. “आता आखितीला तयार राहा,” म्हणाल्या.

मी सांगते, त्या महिन्यात मी शाळेत शिकवायला जाताना रस्त्यात कोणीही भेटलं तरी विषय तिकडे वळवायचे. माझ्या सासूने विरारमध्ये सायक्लामेन दुसऱ्यांदा फुलवलं, हे सांगताना मला माझ्या स्वतःच्या परीक्षेच्या निकालापेक्षा जास्त आनंद व्हायचा. ऐकणाऱ्याला सायक्लामेन म्हणजे काय हे ठाऊक नसायचं. मग मी तेही सांगायचे.

आखितीला आम्ही सगळेच गेलो. जयवंतीकाकूंच्या वाडीत पाड्यातल्या बायका जमल्या होत्या. खड्डे तयार होते, टोपलीत गड्डे होते, पहिल्या गड्ड्याला हळदकुंकू लावलेलं होतं. सासूबाई हिरव्या लुगड्यात खड्ड्याजवळ बसल्या, गड्डा हातात घेतला आणि थांबल्या.

“एक सांगायचा हाय,” त्या म्हणाल्या. “तुमी सगल्या बोलता, रंभेनं कंद उठवला. खोटा हाय. मी रीमाकडं होते तवा तो सडाय लागला. ह्या माज्या सुनेनं कापून, राख लावून वाचवला. मी असते तर कापला नसता, नि तो गेला असता. एक गेलाच होता, दुसरा पन गेला असता. म्हनून आज पयला गड्डा ही लावील.”

मी घाईघाईने खाली वाकून त्यांच्या कानात म्हटलं, “आई, हे काय भलतंच? माती तुमची, रीत तुमची, फोनवर रोज तुम्हीच तर सांगत होता.”

“फोनवर मी नुसती बडबडले,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “बस खाली.”

मी कधी कोणाला सांगितलं नसतं. प्रितेशने सांगितलं नसतं, बाबांनी सांगितलं नसतं. पाडा आनंदात होता, मान परत आला होता, त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं. ज्या एका गोष्टीसाठी त्या वर्षभर झुरल्या, जेवल्या नाहीत, ती हातात आली तेव्हा त्यांनी ती आधी तपासून पाहिली आणि त्यात आपलं किती ते सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मला रडू फुटत होतं, आणि माझी मान इतकी ताठ झाली होती की खाली बघवेना. ही माझी सासू आहे, असं खाडीच्या त्या काठापर्यंत ओरडून सांगावंसं वाटलं.

शेवटी जयवंतीकाकूच म्हणाल्या, “ये गो पोरी. रंभेनं बसवलीय तर बस.”

मी बसले. सासूबाईंनी गड्डा माझ्या ओंजळीत दिला, त्याचा डोळा, म्हणजे कोंबाची बाजू, वर ठेव म्हणून सांगितलं, आणि मी तो खड्ड्यात ठेवला. काकूंनी माती लोटली. बायकांनी माझ्या ओटीत नारळ घातला, तो मला धरताही येईना.

तेवढ्यात शेजारच्या वाडीतली म्हातारी पुढे आली. “रंभे,” तिने विचारलं, “मंग आमच्याकडं कोन येनार? तू का तुजी सून?”

सगळ्या बायका सासूबाईंकडे बघायला लागल्या. मीही बघत होते. हे विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं.

“तुमच्याकडं मी,” सासूबाई म्हणाल्या. “हिला अजून एकच कंद येतो.”

त्यांनी गुडघ्यांवर हात टेकून अंग उचललं, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि आमच्याकडे वळूनही न बघता बांध ओलांडला. पलीकडून त्यांचा आवाज आला, “खड्डा ह्यो कसा खनलाय? कोनी खनलाय?” आणि पाड्यातल्या सगळ्या बायका लगबगीने त्यांच्या मागे निघाल्या.